एकोणचाळीस मिनिटं: टिटवीच्या अंड्यांपाशी गेलेली एक सकाळ

फोटो चांगला आला होता. बारा मीटरवरून टिपलेली टिटवी, डोळ्यापुढची लाल गाठ, काळ्या टोकाची लाल चोच आणि पोटाखालच्या पिसांचे सुटे सुटे पुंजके. आम्ही तिघं होतो आणि आमच्यापैकी कुणी अंड्यांना हात लावला नाही, दगड मारला नाही, फांदी तोडली नाही. 'घरट्याला त्रास दिला' म्हणताना डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं काहीच घडलं नव्हतं. तरी त्या सकाळी नेमकं काय झालं, ते आम्हाला काही दिवसांनी आमच्याच मेमरी कार्डांनी सांगितलं. ते सगळं इथे क्रमाने मांडतो आहे.

जागा आणि घरटं

पाणी ओसरलेल्या तलावाच्या काठी खडीचं सपाट मैदान आहे. एका अंगाला साधारण तीन मीटर उंचीचा बांध, त्यावरून गाडीरस्ता, आणि पाणी घरट्यापासून दीडशे मीटरवर. टिटवी बांधकाम म्हणावं असं काही करत नाहीच. जमिनीत उथळ खळगा, कडेने चार खडे, झालं घरटं. अंडी बहुधा चार असतात, निमुळती टोकं आत करून मांडलेली, मातकट रंगावर काळे डाग. दहा पावलांवरून बघणाऱ्यालाही ती खडीतच विरून जातात. आमच्या जोडीने खळगा केला होता तो पांढरी रेघ असलेल्या एका काळसर दगडाला लागून. हा दगड पुढे साक्षीला येणार आहे.

नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात आणि २८ ते ३० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. याला आपण 'उबवणं' म्हणतो, पण उन्हाळ्यात हा शब्द फसवतो. सकाळी दहानंतर उघड्या खडीवरची टिटवी अंड्यांना ऊब देत नसते, सावली देत असते. गर्भाला मानवतं ते ३६ ते ३८ अंशांचं तापमान. अंडं ४० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर आतला जीव टिकत नाही, आणि भर उन्हात तापलेली खडी पन्नाशी सहज ओलांडते. गारठा त्या मानाने परवडतो. अंडं थोडा वेळ गार पडलं तर गर्भाची वाढ मंदावते, आणि पक्षी परत बसला की ती पुढे चालू होते. तापलेल्या अंड्याला ही सवलत नाही. म्हणून टिटव्या कडक उन्हात पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतात.

यातलं बहुतेक मला त्या रविवारी माहीत होतं. माहीत असणं आणि उन्हात कॅमेरा हातात असताना ते आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

तो रविवार

सकाळी सात दहाला आम्ही बांधावर पोचलो. मी, माझा मित्र आणि त्याचा मामेभाऊ. माझ्याकडे क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ५०० मिमीची लेन्स, मित्राकडे ६०० मिमीपर्यंत जाणारा झूम, मामेभावाकडे मोबाइल. बांधावरून घरटं ४५ मीटर. टिटवी निवांत बसलेली होती. ७:४१ ला जोडीदार चालत आला, बसलेली उठली, तो बसला, अदलाबदल झाली. आठपर्यंत आम्ही फोटो काढले आणि 'फार लहान दिसतेय' असं म्हणत गाडीत जाऊन बसलो.

लहान म्हणजे किती, हे तेव्हा कुणी मोजलं नाही. नंतर मोजलं. टिटवी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ३५ सेंटिमीटर. ५०० मिमीच्या लेन्समधून ४५ मीटरवरच्या या पक्ष्याची सेन्सरवरची प्रतिमा जेमतेम चार मिलिमीटर लांब पडते. माझ्या सेन्सरच्या साडेतेवीस मिलिमीटर रुंदीत ६,००० पिक्सेल आहेत, म्हणजे टिटवीच्या वाट्याला जवळपास १,००० पिक्सेल आले. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापली तर ती साडेआठ सेंटिमीटरची होते, मासिकाच्या पानावर आरामात शोभेल एवढी. मोबाइलच्या पडद्याची रुंदीही बऱ्याचदा हजार पिक्सेलच्या आसपासच असते, आणि आमचे फोटो शेवटी तिथेच बघितले जाणार होते. थोडक्यात, हवा होता तो फोटो आठच्या आत कार्डात आला होता. कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर तो बारका दिसला, एवढंच.

साडेदहाला आम्ही पुन्हा बांधावर आलो. आता एकही फोटो कडक येईना. डोळ्यावर फोकस लागल्याचा हिरवा चौकोन दिसायचा, पण मोठं करून पाहिलं की डोळा ओल्या शाईसारखा फुटलेला. मी लेन्सला दोष दिला. मित्र म्हणाला, "अंतर जास्त होतंय रे, खाली उतरू." दोष खरं तर खडीवरच्या हवेचा होता. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, कमीजास्त घनतेचे थर एकमेकांत मिसळत राहतात आणि त्यांतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. डांबरी रस्त्यावर दूर पाणी असल्यासारखं दिसतं, त्याचंच हे भावंड. लेन्स कितीही महागडी घ्या, इलाज नाही. तापलेल्या हवेतलं अंतर कमी करणं किंवा हवा गार असताना येणं, हे दोनच उपाय.

मित्राचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. जवळ गेलं की फोटो खरोखर कडक येतो. या प्रकरणाची गाठ मला इथे दिसते. ज्या घटकेला हवा आपल्याला पक्ष्याकडे ढकलते, नेमकी त्याच घटकेला त्या पक्ष्याला अंड्यांवरून उठायची सोय नसते. जमीन तापली म्हणून आम्ही पुढे सरकलो, आणि जमीन तापली म्हणूनच तिने बसून राहायला हवं होतं. हा हावरटपणा आहे असं त्या क्षणी वाटत नाही, साधी तांत्रिक अडचण सोडवतोय असंच वाटतं.

आम्ही उतरलो. चाळीस मीटर, पंचवीस, मग एका खुरट्या झुडपामागे बारा मीटरवर बसलो. टिटवी तिथे नव्हती. मित्र म्हणाला, "चरायला गेली असेल, येईल." आम्ही थांबलो आणि ती आली. अंड्यांवर बसताना मी सलग तीसेक फ्रेम घेतल्या, त्यांतलीच ती चांगली आलेली. पावणेबाराला आम्ही खुशीत निघालो.

कार्डं काय सांगतात

ही सगळी जुळवाजुळव करायला लागली ती एका फोनमुळे. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्यांनी पक्ष्यांच्या विणीच्या नोंदी ठेवण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. फोटो त्यांच्यापर्यंत पोचला.

"छान आलाय. किती वाजता काढलास?"

"साडेअकराच्या सुमारास, ताई."

"आणि ती अंड्यांवरून उठली किती वाजता?"

मला सांगता येईना. "आम्ही पोचलो तेव्हा नव्हतीच ती," म्हटलं. त्या नुसतं "बघ शोधून" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रत्येक फ्रेमवर वेळ असते, पण दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नव्हती. सुटका केली मामेभावाने, तीही त्याच्या चुकीतून. आम्ही झुडपाकडे सरकत असताना तो सरळ घरट्यापर्यंत चालत गेला होता आणि वाकून मोबाइलने चार अंड्यांचा वरून फोटो काढून परत आला होता. वीस सेकंदांचं काम. तो वाकलेला असताना आम्हा दोघांच्याही फ्रेममध्ये सापडला. एकच क्षण तीन उपकरणांत होता आणि मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून लागलेलं होतं: ११:०२. मित्राचा कॅमेरा चार मिनिटं पुढे निघाला. तेवढी वजाबाकी करून सगळ्या फायली एका ओळीत लावल्या.

१०:५२ ची फ्रेम. टिटवी रेघवाल्या दगडाशी आहे, पण बसलेली नाही. पाय सरळ, मान ताणलेली, चेहरा आमच्याकडे. आम्ही तेव्हा साधारण चाळीस मीटरवर होतो. पुढच्या फ्रेममध्ये दगड आहे, टिटवी नाही. ती उडाली नाही म्हणूनच आम्हाला कळलं नाही. टिटवीची ही जुनीच रीत आहे. धोका लांब असतानाच ती अंड्यांवरून मुकाट उठते, मान खाली घालून बरीच लांब चालत जाते आणि तिथून आरडाओरडा सुरू करते. आवाज येतो ती जागा घरट्याची नसतेच. आमच्या डोक्यात मात्र 'पक्षी उडाला तर आपण त्रास दिला' एवढाच हिशेब होता. उडण्याच्या आधी सावध होणं असतं, उभं राहणं असतं, चालू लागणं असतं. ते सगळं आमच्या फ्रेममध्ये होतं, फक्त बघणारं कुणी नव्हतं.

११:०८ ला मागच्या वठलेल्या झाडावर एक काळा ठिपका आहे. फोकसबाहेर, पण आकार कावळ्याचा. ११:१५ ला दोन. कावळे माणसांवर नजर ठेवून असतात आणि चिडलेल्या टिटवीचा अर्थ त्यांना आपल्यापेक्षा बरा कळतो. त्या दिवशी त्यांनी काही केलं नाही. बारा मीटरवरच्या माणसांचीच त्यांना भीती वाटली असावी, म्हणजे आम्ही निघाल्यावरच घरटं जास्त उघडं पडलं.

११:१० ते ११:२५ या वेळातल्या ४३ फ्रेम मी 'निवांत चरताना' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. पुन्हा एकेक उघडून पाहिल्या. टिटवी जमिनीवर चोच मारते आहे, चार पावलं चालते आहे, परत चोच मारते आहे. एकाही फ्रेममध्ये चोचीत किडा नाही, दाणा नाही, काही म्हणजे काही नाही. पुढे जावं की पळावं, या ओढाताणीत सापडलेला पक्षी असं खोटं टिपतो. अडचणीत सापडलेला माणूस उगाच शर्टाची बाही नीट करतो, तसलं ते चरणं होतं.

सगळ्यात लाज वाटली ती ११:१९ च्या फ्रेमची. टिटवी पिसं फुगवून बसली आहे, मान आखडून, अगदी अंड्यांवर बसल्यासारखी. मी त्या फोटोला 'अंडी उबवताना' असं नाव दिलं होतं. फ्रेममध्ये रेघवाला दगड मात्र कुठेच नाही. तिच्याखाली अंडी नव्हतीच. घरट्यापासून वीसेक मीटरवर, नुसत्या खडीवर ती बसली होती. या जातकुळीतले पक्षी धोका समोर असताना असं खोटं बसतात. बघणाऱ्याला चकवा बसतो, आणि मी तर मथळ्यासकट चकलो.

११:३१. दगड आहे, टिटवी आहे, ती खळग्यावर उतरते आहे. हीच ती चांगली आलेली फ्रेम. पोटाची पिसं पुंजक्यांत विभागलेली, त्यांचा पोत उठून दिसतो म्हणून फोटो सगळ्यांना आवडला होता. मोठं केलं तर एका पुंजक्याच्या टोकाला थेंब आहे. ती पाण्यावर जाऊन पोट भिजवून आली होती. ज्या पोताचं कौतुक झालं, तो तापलेली अंडी निववायला आणलेल्या पाण्याचा होता.

१०:५२ ते ११:३१, एकोणचाळीस मिनिटं. खडीचं तापमान आम्ही मोजलेलं नाही. झुडपामागे बसताना मी तळहात टेकवला आणि लगेच उचलला, एवढीच माझ्याकडची नोंद.

फोटो पुढे गेला

मामेभावाने चार अंड्यांचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. निरोप पाठवायची बहुतेक अ‍ॅप फोटोसोबतची स्थळाची नोंद काढून टाकतात (तोच फोटो फाइल म्हणून पाठवला तर ती राहते), त्यामुळे तो निर्धास्त होता. पण त्याने सोबत बांधावरून काढलेला रुंद फोटोही टाकला होता, त्यात क्षितिजावर पाण्याची टाकी स्पष्ट दिसत होती. पुढच्या रविवारी बांधावर आणखी दोन गाड्या होत्या. त्यांना काय सांगणार? वाट आमच्याच पावलांनी मळलेली होती.

मग काय केलं

ताईंनी 'जाऊ नका' म्हटलं नाही. चार दिवस त्या बाजूला फिरकू नका, मग सकाळी साडेसहाला जा, गाडीतून उतरू नका आणि आठला परत फिरा, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "पण ताई, ती परत आलीच की." त्यावर त्यांचं उत्तर असं: "अंडी तिथे आहेत तर ती जाईल कुठे? परत येणं म्हणजे माफ करणं नव्हे."

लपण, म्हणजे पक्ष्याला न दिसता आत बसून फोटो काढायचा आडोसा, उभारायचा विचार मित्राने मांडला. लपणाची युक्ती जुनी आहे. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला आणि पुढे पक्ष्यांजवळ जाण्यासाठी पोकळ बैल तयार करून त्याच्या पोटातून कॅमेरा चालवला. पण लपण उभं करायला घरट्याजवळ जावं लागतं, ते दिवसादिवसाने थोडं थोडं पुढे सरकवावं लागतं, आणि उघड्या मैदानात ते कावळ्यांनाही दिसतं आणि माणसांनाही. आत शिरताना दोघांनी जायचं आणि एकाने परत यायचं, म्हणजे 'माणूस गेला' असं पक्ष्याला वाटतं, ही क्लृप्तीही जुनीच. दाट झाडीतल्या घरट्याला हे सगळं कदाचित जमून जाईल. इथे बांधावरची गाडी हेच लपण होतं, तेही आयतं. रोज तिथून गाड्या जात होत्या आणि टिटवी त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नव्हती.

काचेवर तांदळाची पुरचुंडी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली, इंजिन बंद. गाडी थांबली की टिटवी काय करते, हे आधी दुर्बिणीतून बघायचं आणि पाच मिनिटं कॅमेरा उचलायचाच नाही असं ठरवलं. मान ताणून उभी राहिली तर गाडी पुढे न्यायची. दुसऱ्या दिवशी एकदा न्यावी लागली, कारण मी दार उघडलं होतं. बाकी चारही सकाळी ती बसून राहिली. अदलाबदल मिळाली. चोचीने अंडं फिरवताना मिळाली. पावणेआठला ऊन चढू लागल्यावर ती किंचित उठून अंड्यांवर पंख सैल सोडून उभी राहिली, तेही मिळालं. बारा मीटरवरच्या तीस फ्रेममध्ये एकच कृती होती, परत येऊन बसणं. घाबरलेल्या पक्ष्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नसतं.

पिल्लं आणि उरलेली अंडी

त्या रविवारनंतर सतराव्या दिवशी दुर्बिणीतून दोन पिल्लं दिसली. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच चालायला लागतात. दुसऱ्या सकाळी जोडी त्यांना घेऊन पाण्याच्या बाजूला सरकलेली होती. रेघवाल्या दगडाशी दोन अंडी तशीच होती. तिसऱ्या दिवशी एक उरलं, पाचव्या दिवशी तेही नव्हतं.

२८ ते ३० दिवसांतून सतरा वजा केले तर आम्ही गेलो तेव्हा गर्भ साधारण अकरा ते तेरा दिवसांचे असणार. दोन अंडी आमच्यामुळे वाया गेली का? मित्र म्हणतो, ती मुळातच फळलेली नसतील, आणि जमिनीवरच्या घरट्यांत असं नुकसान माणूस नसतानाही होतं. तो चूक नाही. पुढच्या रविवारच्या दोन गाड्यांनी काय केलं, तेही आमच्या कार्डांत नाही. अंडं उघडून पाहिलं असतं तर गर्भ वाढला होता की नाही आणि कुठवर, याचा अंदाज आला असता. पण पिल्लं जवळ असताना पुन्हा तिथवर चालत जायचं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही, आणि अंडी उचलणं आमच्या अधिकारातही नव्हतं. त्यामुळे एकोणचाळीस मिनिटं आणि दोन अंडी या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवतो आहे. त्यांच्यामध्ये बाण काढायचा पुरावा माझ्याकडे नाही.

बारा मीटरवरची फ्रेम मी पुसली नाही. फाइलचं नाव बदललं: '११३१_परत_पोट ओलं'. ११:१९ च्या फाइलचंही बदललं. मामेभाऊ आता कुठल्याही पक्ष्याचा फोटो दाखवला की आधी मागचं क्षितिज तपासतो.

मित्राशी एका मुद्द्यावर अजून वाद आहे. आठ वाजता कॅमेरा बंद, हा नियम ढगाळ दिवसाला कशाला, असं त्याचं म्हणणं. खडी तापलेली नसेल, हवा थरथरत नसेल, तर बांधावरून दहापर्यंत बसायला काय हरकत आहे? मला तो मुद्दा पटतो. फक्त मधेच ऊन पडलं तर गाडी कुणी आणि कितव्या मिनिटाला वळवायची, यावर गेल्या वेळी आमची बांधावरच वादावादी झाली, दार उघडलं, आणि टिटवी उभी राहिली.